धुराड्यातून जाणारी उष्णता आणि आपल्या उसाचा हिशेब

गाळप हंगामात पहाटेच्या वेळी कारखान्याच्या रस्त्याने गेलात तर दोन गोष्टी लांबूनच दिसतात. एक म्हणजे धुराड्याचा धूर, आणि दुसरी म्हणजे फवाऱ्याच्या तळ्यावर पसरलेली पांढरी वाफ. त्या तळ्याच्या कडेला उभे राहिले तर डिसेंबरातही थंडी वाजत नाही. मागच्या हंगामात गव्हाणीबाहेर नंबरची वाट बघत बसलेल्या एका तात्यांनी मला तिथेच गाठले आणि विचारले, "साहेब, एवढी ऊब वर चाललीय. ह्याची वीज करत्यात म्हणं. मग ती वीज कुणाची? आन् आमच्या मोटारीला रात्री बाराला लाईट का?"

तात्यांच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. या ऊबेची वीज खरोखर होते का, झाली तर तिचे पैसे कुणाचे, आणि ती गावाला का मिळत नाही? मी काही इंजिनिअर नव्हे. कृषी पदविका घेऊन विस्ताराच्या कामात आलेला माणूस. पण ऊस पिकवणाऱ्याने ऊस तोडून झाल्यावर त्याचे काय होते हे समजून घेतलेच पाहिजे, नाहीतर वजनकाट्यापलीकडचे सगळे दुसऱ्याच्या हातात राहते. म्हणून आजचे हे पान खताच्या मात्रेऐवजी वाफेला दिले आहे.

गुऱ्हाळापासून सुरुवात करू, कारण ते सर्वांनी पाहिलेले आहे. चुलवाणात चिपाडे जळतात, वर काहील असते, रस उकळतो, पाणी वाफ होऊन उडून जाते आणि गूळ उरतो. ज्यांनी एका काहिलीऐवजी एकामागे एक काहिली बसवल्या, त्यांना अनुभव आहे की पहिल्या काहिलीखालून निघालेली झळ मागच्या काहिलीतला रस तापवते आणि चिपाडे कमी लागतात. म्हणजे जी झळ धुराड्यातून फुकट जात होती तिला वाटेत कामाला लावले. पुढे जे सांगणार आहे ते सगळे मोठ्या प्रमाणावर हेच आहे.

साखर कारखान्यात ऊस चरकातून गेला की शंभर टन उसामागे २८ ते ३० टन बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणीच असते. हा बगॅस बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात. त्या वाफेवर दोन कामे होतात. आधी ती टर्बाईन फिरवते, मग टर्बाईनमधून बाहेर पडलेली, दाब उतरलेली वाफ रस आटवायला जाते. रस आटवायला फार मोठ्या दाबाची वाफ लागतच नाही. सव्वाशे अंशाच्या आसपासची वाफ पुरते. इथेच सगळी गंमत आहे.

कोयनेचे उदाहरण घ्या. धरणातले पाणी बोगद्याने नेऊन पोफळीला खाली सोडले, म्हणून वीज झाली. तेच पाणी डोंगरउतारावरून नुसते वाहू दिले असते तरी ते समुद्राला मिळालेच असते, पण हाती काही लागले नसते. उष्णतेचेही तसेच आहे. भट्टीत बगॅस जळतो तिथली आग हजार अंशाच्या घरातली. रस आटवायला लागते ती सव्वाशे अंशाची. मधला उतार एवढा मोठा, की त्या उतारावर टर्बाईन बसवले तर वीज मिळते आणि खाली रसही आटतो. आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांनी वर्षानुवर्षे हा उतार जवळजवळ वाया घालवला.

का घालवला, तेही समजून घ्या. जुने बॉयलर २१ किलो दाबाचे, फार तर ३२ किंवा ४५ किलोचे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर तेवढ्या किलोचा दाब. २१ किलोच्या वाफेवर चालणाऱ्या लहान टर्बाईनला एक युनिट वीज करायला ११-१२ किलो वाफ लागते. त्या काळी कारखान्याला स्वतःपुरती वीज झाली की पुरे होते. जास्त वीज झाली तरी विकत कोण घेणार? उलट उरलेला बगॅस ही डोकेदुखी होती. ढीग साठवायला जागा नाही, आग लागण्याची भीती, कागद गिरण्यांना नेऊन द्यायचा तर भाडे परवडत नाही. म्हणून बॉयलर असा ठेवायचा की बगॅस कसाबसा जळून संपला पाहिजे. नीट ऐका, बंधूंनो. इंधन वाचवण्यासाठी नव्हे तर इंधन संपवण्यासाठी बॉयलर. आपल्या उसाचा जवळपास तिसरा हिस्सा वजन अशा रीतीने धुराड्याला वाहिले जात होते.

ही परिस्थिती १९९० नंतर बदलू लागली. केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी १९९४ मध्ये बगॅसवरच्या सहवीजनिर्मितीचा कार्यक्रम सुरू केला. साखर विकास निधीतून कर्जे मिळू लागली. २००३ च्या वीज कायद्याने सहवीजनिर्मितीला उत्तेजन देणे हे राज्य वीज नियामक आयोगांचे कामच ठरवले. मग ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आले. ८७ किलोच्या आणि पाचशे अंशांहून जास्त तापलेल्या वाफेला एक युनिट वीज करायला सहा किलोच्या आतबाहेरच वाफ पुरते. एवढे करूनही ती वाफ टर्बाईनमध्ये आपल्या उष्णतेचा जेमतेम पाचवा हिस्सा सोडते. बाकीचे चार हिस्से घेऊन ती रस आटवायला जाते. बगॅस तोच आणि साखरही तेवढीच, पण आधी दिसत नव्हती ती वीज मधल्यामध्ये निघाली. चांगला चालवलेला असा प्रकल्प स्वतःची गरज भागवून एक टन उसामागे शंभर युनिटच्या आसपास वीज बाहेर देऊ शकतो. आज राज्यात असे प्रकल्प असलेल्या कारखान्यांची संख्या शंभराच्या वर आहे.

पण नुसता मोठ्या दाबाचा बॉयलर आणला म्हणजे झाले असे नाही. खरा कस लागतो तो रस आटवण्याच्या विभागात. शंभर टन उसापासून साखर होईपर्यंत सत्तर-पंचाहत्तर टन पाणी उडवावे लागते. गुऱ्हाळात एकदा उडालेली वाफ आढ्याला जाते आणि संपली. कारखान्यात तसे नसते. पहिल्या पात्रातल्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या पात्राला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी चार-पाच पात्रांची साखळी असते. पुढच्या पुढच्या पात्रात हवेचा दाब कमी करत नेलेला असतो, त्यामुळे रस कमी तापमानाला उकळतो आणि शेवटच्या पात्रात तर साठ अंशाच्या आसपासच उकळी फुटते. एकाच वाफेला चार-पाचदा राबवण्याची ही युक्ती नॉर्बर्ट रिल्यू या माणसाची. अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतात, गुलामगिरीच्या काळात, कृष्णवर्णीय आईच्या पोटी जन्मलेला हा मनुष्य पॅरिसमध्ये शिकला आणि १८४३ व १८४६ साली त्याने या यंत्राची पेटंटे घेतली. त्याआधी तिथले गुलाम एका उघड्या कढईतून दुसऱ्या कढईत उकळता रस पळ्यांनी ओतत आणि भाजून निघत. साखरेच्या धंद्यातली उष्णता वाचवण्याची गोष्ट अशी दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि ती उसाच्याच शेतात सुरू झालेली आहे.

ही साखळी आणि तिच्यातून रस तापवायला काढलेली वाफ नीट चालली तर कारखान्याला उसाच्या वजनाच्या चाळीस टक्के वाफ पुरते. ढिसाळ कारभारात तीच पन्नास-पंचावन्न टक्के लागते. हा दहा टक्क्यांचा फरक लहान वाटतो. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात तो दिवसाला ५०० टन वाफेचा होतो, म्हणजे दोनशे टनांच्या वर बगॅस. शंभर-सव्वाशे दिवसांच्या हंगामात किती ढीग झाला ते तुम्हीच मोजा. आणि हे गळके पाईप, बिनआवरणाच्या नळ्या, गंज चढलेली पात्रे, दर दोन तासांनी बंद पडणारी मिल यांतून जाते. मिल बंद पडली की बॉयलर काही लगेच विझत नाही. तेवढा वेळ वाफ आकाशात सोडावी लागते. ऊस वेळेवर न आल्यामुळे मिल थांबली तरी तेच. मोठ्या आवाजात वाफ सुटताना तुम्ही ऐकली असेल. ती आपल्याच उसाची असते.

धुराड्याचेही सांगतो. जुन्या बॉयलरचा धूर दोनशे-सव्वादोनशे अंशाला बाहेर पडायचा. वाटेत पाणी आणि हवा तापवणारी नळ्यांची जुडगी बसवली की तो दीडशेपर्यंत खाली येतो आणि तेवढी उष्णता परत भट्टीत जाते. बगॅसमधली ओल दोन-तीन टक्क्यांनी कमी झाली तरी बॉयलर खूश असतो, कारण ते पाणी उडवायला लागणारी उष्णता वाचते. मात्र तात्यांनी दाखवलेल्या फवाऱ्याच्या तळ्यातल्या ऊबेची वीज होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते पाणी चाळीस-पन्नास अंशाचे. खूप असते, पण उतारच उरलेला नसतो. सपाटीच्या पाटाच्या पाण्यावर पोफळीसारखे वीजघर चालत नाही, तसेच. "सगळ्या वाया जाणाऱ्या उष्णतेची वीज करतो" असे कुणी सांगायला आला तर त्याला आधी विचारायचे, किती अंशाची उष्णता?

विदर्भात चंद्रपूर-यवतमाळकडे सिमेंटचे कारखाने आहेत. सिमेंटच्या भट्टीतून निघणारे वायू तीनशे-साडेतीनशे अंशाचे असतात. त्या धंद्यात त्यावर वेगळा बॉयलर बसवून एक टन क्लिंकरमागे पंचवीस ते पस्तीस युनिट वीज काढता येते. तिथे इंधन आधी जळून गेलेले असते, नंतर उरलेल्या झळीची वीज होते. आपल्याकडे आधी वीज होते, मग उरलेल्या उष्णतेने रस आटतो. क्रम उलटा, तत्त्व एकच. फरक एवढाच की सिमेंटच्या भट्टीतला कोळसा कारखान्याने विकत घेतलेला असतो, आणि साखर कारखान्यातले इंधन तुमच्या शेतातून आलेले असते.

आणि इथून पैशाचा प्रश्न सुरू होतो.

उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, साखरेच्या उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला टनाला ३५५० रुपये होता, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते हे तुम्हाला सांगायला नको. बगॅस किती निघाला, त्यातून वीज किती झाली, याचा या दराशी थेट संबंध नाही. तो संबंध येतो दुसऱ्या कायद्यातून. डॉ. सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सांगितले की साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या पहिल्या टप्प्यातल्या उपपदार्थांच्या उत्पन्नातला सत्तर टक्के वाटा ऊस उत्पादकाचा, किंवा नुसती साखर धरली तर पंचाहत्तर टक्के. महाराष्ट्राने २०१३ चा ऊस दर विनियमन कायदा याच पायावर केला. हिशेबाने एफआरपीपेक्षा जास्त रक्कम निघाली तर ती उत्पादकाला द्यायची.

आता बारकाईने बघा. वाटणीत बगॅस आहे. बगॅसपासून झालेली वीज ही पुढची पायरी. म्हणजे कारखाना आपल्याच सहवीज विभागाला बगॅस किती दराने "देतो" यावर तुमच्या हिशेबातली रक्कम ठरते. कागदावर बगॅसचा दर कमी लावला तर साखर विभागाचे उत्पन्न कमी दिसते आणि वीज विभागाचा नफा जास्त दिसतो. यात कुणी लबाडी करतोच असे माझे म्हणणे नाही. सहवीज प्रकल्पावर कर्ज असते, त्याचे हप्ते असतात, बँक दारात उभी असते. पण दर कोणता लावला हे सभासदाला ठाऊक असले पाहिजे एवढे तरी मान्य व्हावे. काही ठिकाणी तर कारखान्याच्या आवारातला वीज प्रकल्प दुसऱ्याच कंपनीने उभा केलेला असतो. तिथे बगॅसच्या बदल्यात वाफ आणि वीज असा करार असतो. तो करार किती सभासदांनी वाचलेला आहे?

मॉरिशसचे ऐकण्यासारखे आहे. हिंदी महासागरातले ते लहानसे बेट. एकोणिसाव्या शतकात तिथल्या उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून जी माणसे गेली त्यांत आपल्या कोकणातलीही होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात. तिथे बगॅसची वीज सार्वजनिक तारांत जाऊ लागली ती १९५७ सालापासून. १९८० च्या दशकात तिथल्या सरकारने बगॅसच्या किमतीसाठी वेगळा निधी केला, आणि उत्पादकाला साखरेतल्या वाट्याशिवाय बगॅसचे पैसे वेगळ्या नोंदीने मिळू लागले. साखरेत तिथे उत्पादकाचा हिस्सा ७८ टक्के धरतात. रक्कम पुरेशी नाही म्हणून तिथलेही लहान शेतकरी कुरकुर करत आले आहेत, शेतकरी कुठलाही असो. पण पावतीवर बगॅस असा शब्द छापलेला असतो. आपल्या बिलावर तो कधी पाहिला आहे का?

एक साधे गणित मांडतो. समजा तुमच्या कारखान्याने टन उसामागे शंभर युनिट वीज विकली आणि समजा पाच रुपये युनिट दर मिळाला. म्हणजे टनामागे पाचशे रुपयांची विक्री. हा नफा नव्हे. त्यातून व्याज, हप्ता, दुरुस्ती, पगार जाणार. तरीही उसाच्या दराच्या शेजारी ठेवून बघण्याजोगा हा आकडा आहे. आणि शंभरऐवजी साठच युनिट विकली गेली असतील तर ती चाळीस कुठे गळाली, हे विचारायचा अधिकार ऊस घालणाऱ्याचाच आहे.

दराची बाजूही लक्षात असू द्या, म्हणजे सभेत उगाच अवाच्या सवा मागणी होणार नाही. गेल्या काही वर्षांत सौर वीज फार स्वस्त झाली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या प्रकल्पांचे दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास ठरले आहेत. अशा वेळी सहवीजेला जास्त दर मागताना कारखान्यांची बाजू दुबळी पडते. त्यांच्या बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे. सूर्य संध्याकाळी मावळतो, बॉयलर रात्रभर चालतो. रात्रीच्या विजेला वेगळी किंमत हवी असे मलाही वाटते.

दुसरी एक गोष्ट आहे, आणि त्यात मी कारखान्यांच्या विरुद्ध आहे. हंगाम संपल्यावर रस आटवायचा नसतो. तेव्हा वाफेचे करायचे काय? ती थंड करून पुन्हा पाणी करतात, आणि तिच्यातली दोन-तृतीयांश उष्णता शीतमनोऱ्यातून हवेत जाते. हंगामातला सहवीज प्रकल्प बिगरहंगामात साधा औष्णिक प्रकल्प होतो, तोही लहान आणि महागडा. उरलेला बगॅस जाळून काही दिवस चालवला तर ठीक. पण कोळसा आणून जाळायचा आणि त्याला सहवीज म्हणायचे हे मनाला पटत नाही. आणि आता काही जण शेतातले पाचट मागू लागले आहेत. शेतकरी बंधूंनो, पाचट देऊ नका. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते जागेवर सरीत ठेवून कुजवले तर जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते, खोडव्याच्या एक-दोन पाळ्या वाचतात. गठ्ठ्याला मिळणाऱ्या दोन पैशांसाठी रानाची ताकद बॉयलरात घालू नका. जे पाचट पेटवून देतात त्यांना तर काय म्हणावे! त्यांनी निदान बॉयलरला दिले असते तर वीज तरी झाली असती.

आपल्याकडूनही एक चूक होते, ती सांगितल्याशिवाय हा विषय एकांगी होईल. उसाबरोबर वाढे, पाचट, पाला, मुळ्या, माती जाते. पाऊस पडल्यावर तोडलेल्या उसाच्या मोळीत किती चिखल असतो ते गव्हाणीवर बघा. ही माती बगॅसमधून भट्टीत जाते, तिचे खंगर होतात, नळ्या झिजतात, बॉयलर बंद पडतो. जमिनीलगत तोडलेला, साफ केलेला, चोवीस तासांत गव्हाणीत पडलेला ऊस साखरेलाही चांगला आणि वाफेलाही. वजन वाढवायला मातीसकट ऊस भरणारा माणूस टोळीवाल्याला दोष देतो. फडात उभा कोण असतो, मालकच ना?

ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांसाठी दोन शब्द. बगॅसच्या धुराबरोबर काळी काजळी उडते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, पिण्याच्या पाण्याच्या उघड्या टाक्यांवर, द्राक्षाच्या मांडवांवर बसते. धूर गाळणारी यंत्रे असतात, विजेच्या भाराने राख ओढून घेणारी असतात, किंवा पाण्याच्या फवाऱ्याने बसवणारी. ती चालू ठेवली तर काजळी बरीच आवरते. रात्री ती बंद ठेवली जातात अशी तक्रार असेल तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि ग्रामसभेच्या ठरावासह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे पाठवा. नुसते चावडीवर बोलून काही होत नाही. दुसरे, बॉयलरची राख. तिच्यात पालाश असते. रस्त्याच्या कडेला ढीग लावण्यापेक्षा प्रेसमडमध्ये मिसळून, कुजवून ती शेतात परत यावी. उसाने जमिनीतून नेलेले काही अंशी तरी परत मिळते. कारखान्याकडे गावाच्या नावाने लेखी मागणी केली तर सहसा नाही म्हणत नाहीत, कारण त्यांनाही ती कुठेतरी टाकायचीच असते.

आता तात्यांचा राहिलेला प्रश्न. गावातच वीज तयार होते, मग मोटारीला रात्री बाराला लाईट का? कारखान्याची वीज मोठ्या दाबाने, ३३ किंवा १३२ के.व्ही.च्या तारेने उपकेंद्रात जाते आणि सगळ्या राज्याच्या विजेत मिसळते. पाटात सोडलेले पाणी कुठल्या विहिरीचे हे जसे पुढे सांगता येत नाही, तसे. तुमच्या शेतीच्या फीडरचे वेळापत्रक वेगळ्या ठिकाणी ठरते. जवळ वीजनिर्मिती असल्याने त्या भागातला व्होल्टेज थोडा सुधारतो, तारांतली गळती घटते, एवढा फायदा होतो. दिवसा लाईट हवी तर तिचा रस्ता कृषी फीडर सौर प्रकल्पाला जोडण्यातून जातो, आणि त्यासाठी गावठाणाजवळची पडीक किंवा गायरान जमीन द्यायला ग्रामपंचायतीने पुढे आले पाहिजे. कारखान्यावर मोर्चा नेऊन ती मिळणार नाही.

मी सरकारी नोकर आहे, कारखान्याच्या राजकारणात मला पडायचे नाही आणि पडू नये. पण सभासदाने वार्षिक सभेत काय विचारावे हे सांगणे राजकारण नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या ३२ व्या कलमाने प्रत्येक सभासदाला शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सभांची इतिवृत्ते संस्थेच्या कार्यालयात, कामाच्या वेळेत, फुकट बघता येतात. सभेच्या दिवशी जेवणाच्या पंगतीआधी उठून आवाज चढवण्यापेक्षा आठ दिवस आधी कार्यालयात जाऊन शांतपणे वही-पेन घेऊन बसा. बॉयलर किती किलो दाबाचा आहे आणि यंदा किती दिवस, किती तास बंद होता. उसाच्या किती टक्के वाफ लागली, मागच्या वर्षी किती लागली होती. किती युनिट तयार झाली, घरात किती वापरली, बाहेर किती विकली आणि कोणत्या दराने. हंगामाअखेर किती बगॅस उरला आणि तो कुणाला, काय भावाने दिला. सहवीज विभागाला बगॅस कोणत्या दराने लावला. कर्ज किती फिटले. एवढे आकडे उतरवून घेतले तर व्यासपीठावरच्या माणसाला गोलमोल उत्तर देणे जड जाते. चांगला चालवणारा अध्यक्ष असेल तर तोही खूश होईल, कारण त्याचे काम समजणारा सभासद त्याला भेटला.

एका कारखान्याच्या सभेला मी मागे बसलो होतो. नाव सांगत नाही. अहवालात वीज विभागाचे एक पान होते, छापलेले, व्यवस्थित. दोन तास सभा चालली. साखरेच्या सवलतीच्या कोट्यावर पाच जण बोलले, सभागृहातल्या पंख्यांवर दोघे बोलले, त्या पानावर एकही नाही. अध्यक्षांनी मंजूर का विचारले, सगळे मंजूर म्हणाले आणि पंगत बसली.

पंचायत समितीत मी मंगळवारी आणि बाजारच्या दिवशी दुपारपर्यंत असतो. अहवाल घेऊन या, सोबत मागच्या वर्षीचाही आणा. दोन्ही पाने शेजारी ठेवून हिशेब मांडू.